खरबूज कधी कापायचं

३ एप्रिल, सोमवार

आज दुकान उघडलं. सात महिन्यांत कुलपाला गंज चढला होता. शेजारच्या शिंपीमास्तरांनी शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं, तेव्हा कुठे किल्ली फिरली. "बाटली परत करा हं वहिनी, फळांना लावू नका," म्हणाले.

हे गेल्यापासून लेक म्हणतेय, दुकान सोड आणि माझ्याकडे ये. मी एप्रिल अखेरपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. खरबुजाचा हंगाम आहे. आमचं दुकान रुग्णालयाच्या फाटकासमोर, आणि ह्यांची ख्याती खरबुजाची. जाळीदार सालीचं, लांबून घमघमतं ते नव्हे. गुळगुळीत फिकट सालीचं, आतून हिरवट पांढरं, हनीड्यू म्हणतात ते.

हे गिऱ्हाइकाला "किती देऊ" असं आधी विचारत नसत. "कधी खाणार?" असं विचारत. मग एकेक फळ तळहातावर घेऊन बघत, त्यातलं एक निवडत आणि निळ्या मेणाच्या पेन्सिलीनं त्यावर वार लिहीत. गुरुवार लिहिला असेल तर लोक बुधवारी सुरी लावत नसत. दर शनिवारी बारा फळं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जात, बाराही फळांवर 'रविवार'. खरं तर दुकान त्या बारा फळांवरच उभं होतं. घरी आणायच्या फळावर फक्त 'आज' लिहिलेलं असायचं.

चौतीस वर्षं मी त्याच दुकानात बसले, पण केळी, संत्री, डाळिंबं माझी आणि खरबूज ह्यांचं. हात लावू नकोस असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच लावला नाही.

पेन्सिल खणात सापडली. माझ्या करंगळीएवढी उरली आहे. आज बावीस वार लिहिले, जपून, बारीक अक्षरात. एक मास्तरांनीही नेलं, त्यावर गुरुवार लिहिला.

एक गोष्ट मात्र मनासारखी केली. सगळी खरबुजं ओल्या फडक्यानं लखलखीत पुसून मांडली. ह्यांच्या वेळी फडताळावर नुसती धूळ. मी पुसायला गेले की "राहू दे गं" म्हणायचे. आळस, दुसरं काय.

५ एप्रिल, बुधवार

वन्सं आल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण. मुलाकडे राहतात, पलीकडच्या वस्तीत. दुकान बंद कर हे सांगायला मुद्दाम बस बदलून आल्या.

"दादा होता तोवर ठीक होतं. तुला काय कळतं खरबुजातलं? या वयात लोक आराम करतात, वहिनी."

दहा वाजता हे बोलल्या आणि सहा वाजेपर्यंत बोलतच राहिल्या. मधे संत्र्यांचा ढीग मोडून पुन्हा रचला. एका बाईला केळी बांधून दिली, आणि तिच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं तेही काढून घेतलं. दुपारी डबा उघडला तर दोघींना पुरेल एवढं. सूनबाईनं चुकून जास्त भरला म्हणाल्या. त्यांची सून सकाळी सातला कामावर जाते, ती कशी भरेल? पण विचारलं नाही. वन्संना विचारलेलं आवडत नाही.

वाचनालयातून आहाराचं पुस्तक आणलं आहे. माझी शाळा लवकर सुटली. वाचायला शिकले ते फळं गुंडाळायच्या रद्दीवर. त्यामुळे कितीतरी गोष्टींचा शेवट मला माहीत नाही, तो गिऱ्हाइकाबरोबर गेला. अख्खं पुस्तक हातात आलं की मी अजून आधी शेवटचं पान आहे का ते बघते.

पुस्तकात खरबुजावर अडीच पानं आहेत. वाचून इतका हुरूप आला की जुना फळा काढला आणि खडूनं लिहिलं: 'हनीड्यू खरबूज. हाडांना, डोळ्यांना, कातडीला, रक्तदाबाला, पोटाला उत्तम. वजन घटवते. सर्वांना चालते.' शेवटचं वाक्य माझं. पुस्तकात नव्हतं, पण फळा भरायला एक ओळ कमी पडत होती.

८ एप्रिल, शनिवार

दिवस वाईट गेला, शेवट बरा झाला.

सकाळपासून लोक कापलेली अर्धी खरबुजं घेऊन दाखवायला येत होते. भांडायला नव्हे, दाखवायला. ते जास्त लागतं. एक आजोबा म्हणाले, "बाई, वार बरोबर आहे, आठवडा चुकला असेल."

मास्तर म्हणाले, "गुरुवार लिहिला होता, मी शुक्रवारपर्यंत थांबलो. तरी चावल्यावर बायकोनं आतून विचारलं, काय पडलं म्हणून."

मला हसू आलं आणि मग रडूही. मास्तर घाबरले. मला बरं वाटावं म्हणून फळा मोठ्यानं वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर थांबले. "सर्वांना चालते? अहो, मग झालंच की. डॉक्टरनं माझं केळं बंद केलंय, संत्रं बंद केलंय, शहाळंसुद्धा बंद. आणि भाऊ तर मला खरबूज कधी द्यायचेच नाहीत. शेवटचं दीड वर्ष मागत होतो, दर वेळी हातावर सफरचंद ठेवायचे. मला वाटायचं, मी त्यांचा कोट आखूड शिवला होता त्याचा राग असेल."

मी म्हटलं, "ह्यांच्या मनात राग राहायचा नाही. विसरत असतील." आणि चांगलं मोठं फळ निवडून दिलं. या खेपेला सावधपणे पुढचा बुधवार लिहिला. मास्तर इतके खूश होऊन गेले की मला सगळा दिवस भरून पावल्यासारखं वाटलं.

रुग्णालयाची बारा फळं दिली. पुन्हा एकदा पुसून.

११ एप्रिल, मंगळवार

आज घडलं ते लिहून ठेवते.

सकाळी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या, पण बोलणं मोजूनमापून. "काकू, रविवारी नाश्त्याला फोडी दिल्या. म्हाताऱ्या पेशंटनी चोखून परत ठेवल्या. काकांचं फळ असं नसायचं. अजून दोन शनिवार बघते, मग मला दुसरीकडून घ्यावं लागेल."

मी मान हलवली. मग त्यांची नजर फळ्यावर गेली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. पुस्तकातून."

"हाडांना काय होतं यानं?"

"उत्तम होतं," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि शांतपणे सांगितलं. शंभर ग्रॅम खरबुजात नव्वद ग्रॅम पाणी. आठ-नऊ ग्रॅम साखर. छत्तीस कॅलरी, म्हणजे फारच कमी. क जीवनसत्त्व बऱ्यापैकी, दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा. थोडा चोथा. "चांगलं फळ आहे काकू. आजारी माणसाला खावंसं वाटतं, पोटाला हलकं, पाणी जातं अंगात. पण औषध नाही ते. आणि पोटॅशियम भरपूर आहे, त्यामुळे सर्वांना तर मुळीच चालत नाही. ज्यांची किडनी नीट काम करत नाही त्यांना आम्ही जपूनच देतो. केळं, संत्रं, शहाळं बंद करतो ना, त्यातलंच हे."

मी ऐकत होते, मान हलवत होते. मागे संत्री रचणाऱ्या वन्संचा हात थांबला. शनिवारची गोष्ट मी त्यांना सांगितली होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मास्तरांचं केळं कशासाठी बंद आहे गं?"

मंगळवारी मास्तरांचं दुकान बंद असतं. घर दोन गल्ल्या पलीकडे. मी पदर खोचला आणि पळाले. साठी ओलांडलेली बाई भर रस्त्यात पळताना बघून दोन जण मदतीला मागे धावले, त्यांना वाटलं चोर. माझ्या पायांत ह्यांच्या चपला होत्या, दुकानात त्याच घालते, त्या दोन नंबर मोठ्या. एक वाटेतच राहिली.

मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. आत बघितलं तर घरच्या मशीनवर, चार घड्यांच्या कापडावर, गणपतीसारखं ते खरबूज मांडून ठेवलेलं. अख्खं. 'बुधवार' माझ्याकडे तोंड करून.

"कापलं नाहीत?" मी विचारलं.

मास्तर आतून आले. "उद्याचा वार आहे ना वहिनी. आज कसं कापीन? भाऊंच्या दुकानाचा नियम मोडायचा?"

मी सगळं सांगितलं. मास्तरांच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "यांना दोन वर्षांपूर्वी किडनीच्या पथ्याचा कागद दिलाय डॉक्टरांनी. कपाटाच्या दारावर लावलाय. कपाट कायम उघडं, म्हणून कागद भिंतीकडे."

मास्तरांनी खरबुजाखालचं कापड सरळ केलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कोटाचं काही नव्हतं तर."

नव्हतं. ह्यांना माहीत होतं. कुणाला काय चालत नाही हे ह्यांच्या डोक्यात होतं आणि त्याचा गवगवा न करता हे माणसाच्या हातावर सफरचंद ठेवत होते. मी शेजारी बसून चौतीस वर्षं डाळिंबं सोलली आणि मला कळलं नाही.

मास्तरांच्या बायकोनं मला पाणी दिलं. एका अनोळखी माणसानं दारात चप्पल आणून ठेवली.

१२ एप्रिल, बुधवार

फळा पुसला. नवा मजकूर: 'हनीड्यू खरबूज. नव्वद टक्के पाणी. कॅलरी कमी. क जीवनसत्त्व बरे. खाऊन बरे वाटते. किडनीचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही, रागावू नये.'

वन्सं म्हणाल्या, "अशानं कोण घेईल?" पण खडू माझ्या हातातून घेऊन 'देणार नाही' खाली रेघ त्यांनीच ओढली.

मास्तरांसाठी सफरचंद काढून ठेवलं. ते आले, स्वतःच उचललं, आणि म्हणाले, "आता हे गोड लागतंय."

१७ एप्रिल, सोमवार

शनिवारच्या बारांपैकी पाच कच्ची निघाली. आहारतज्ज्ञ बाई स्वतः सांगायला आल्या. "सात चांगली होती," म्हणाल्या. मला धीर द्यायला म्हणाल्या, पण येता शनिवार शेवटचा हेही सांगून गेल्या.

मी खरं बोलते इथे. मला वाटलं, संपलं. लेकीला फोन करावा आणि किल्ली देऊन टाकावी. हे पुस्तक वाचून येणारं काम नाही. वास बघते तर वास नाही. टिचकी मारते तर सगळ्यांचा आवाज सारखा. ह्यांनी एकदा तरी सांगायला हवं होतं. ह्यांच्यावर एवढी चिडले की बाल्दी घेतली आणि नवी आलेली सगळी फळं खसाखसा पुसायला बसले.

तेवढ्यात वन्सं आल्या. दारातच पिशवी टाकली.

"काय करतेयस?"

"पुसतेय."

"रोज पुसतेस?"

"मग काय घाणीत ठेवू?"

"अगं बये," वन्सं मला वहिनी म्हणायचंसुद्धा विसरल्या. "आमच्या आप्पांनी दादाचा कान पिळला होता यासाठी. मी नऊ वर्षांची होते, सगळं समोर बघितलंय. फळ पुसलं तर हाताला काय सांगेल ते?"

त्यांचे वडीलही फळंच विकायचे, हे मला माहीत होतं. पण वन्सं त्यांच्या मांडीवर बसून फळं चाचपायच्या हे आज कळलं. मुलगी म्हणून दुकान त्यांच्याकडे येण्याचा प्रश्न नव्हता. कधी बोललेही नाही कुणी.

त्यांनी खोक्याच्या तळाचं एक न पुसलेलं फळ काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. डोळे मिटायला लावले. "काय लागतंय?"

"बारीक लव आहे."

"कच्चं. हे कधीच गोड होणार नाही. वेलीवर जेवढी साखर आली तेवढीच, नंतर फळ नुसतं मऊ होतं. हे परत पाठव. आता हे बघ."

दुसरं जड होतं. लव नव्हती. साल मेणासारखी.

"तीन दिवस. आणि हे?"

तिसरं तळव्याला किंचित चिकटलं. अगदी किंचित, झोपेतून उठलेल्या बाळाचा गाल चिकटतो तसं. रंग हिरवटपणा सोडून सायीवर आलेला. देठाच्या उलट बाजूला अंगठा दाबला तर जरासा आत गेला, आणि नाकाजवळ नेलं तर हळूच वास.

"हे उद्या," मी म्हटलं.

"आज," वन्सं म्हणाल्या. "पण तू उद्या लिहिलंस तरी चालेल."

तर दोन आठवडे मी काय करत होते? फळ जे सांगत होतं ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसून टाकत होते. आणि चौतीस वर्षं ह्यांच्या 'राहू दे गं'वर धुसफुसत होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी फळं हातावर घेत बसलो. वन्संनी आज दुकान बंद कर एकदाच म्हटलं, तेही जाताना, चप्पल घालता घालता.

२० एप्रिल, गुरुवार

वन्सं आता आठलाच येतात. घरी पंखा आवाज करतो म्हणे.

एक गिऱ्हाईक म्हणालं, आत्ताच खायचंय, आजचं द्या. मी हातावर घेऊन फळ दिलं, बरोबर दिलं, पण त्यावर काही लिहिलं नाही. "आजचंच आहे, लिहायला कशाला हवं," म्हटलं. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा संत्री रचायला घेतली. बरं झालं. पेन्सिलही थोडीच उरली आहे.

२३ एप्रिल, रविवार

काल बारा फळं दिली. एकही पुसलं नव्हतं. आधी मी निवडली, मग वन्संनी, आणि दोघींची यादी अकरा फळांवर जुळली. बाराव्यावर भांडण झालं. त्या म्हणत होत्या सोमवारचं, मी म्हणत होते रविवारचं. शेवटी माझ्या पसंतीचं गेलं. गाडीवाला गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "चुकलं तर तुझं."

आज लेकीचा फोन आला. शुक्रवारी येते म्हणाली, सामान भरायला खोकी घेऊन. मी "बरं" म्हटलं. तिच्याशी बोलताना माझं सगळं लक्ष रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांवर होतं. फोडी कापल्या असतील. वाट्या भरल्या असतील.

२४ एप्रिल, सोमवार

आहारतज्ज्ञ बाई साडेनऊला आल्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. स्टुलावर वन्सं बसल्या होत्या म्हणून उभ्याच राहिल्या.

"काकू, एका आजोबांनी चार दिवस काही खाल्लं नव्हतं. सगळं नको म्हणायचे. काल खरबुजाच्या पाच फोडी खाल्ल्या, आणि शेजारच्या पलंगावरच्या माणसाला विचारलं, तुमच्या उरल्यात का."

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाराच्या बारा. एक तर इतकं उत्तम होतं की आमच्या स्वयंपाकीणबाईंनी त्यातलं थोडं..." इथे त्या पहिल्यांदा हसल्या. "ते आमच्यातच राहू द्या. या शनिवारपासून सोळा पाठवा. किडनी वॉर्डची नावं मी वेगळी देते, तिकडे तुमच्या पद्धतीनं सफरचंद."

त्या रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही दोघी गंभीर उभ्या होतो. मग मी म्हटलं, "ते उत्तम होतं ते बारावं असणार." वन्सं म्हणाल्या, "शक्यच नाही," आणि आम्ही इतक्या हसलो की मास्तर मापाची टेप गळ्यात घेऊन बघायला आले. त्यांना सांगितलं, तर ते आमच्यापेक्षा जोरात हसले आणि म्हणाले, "स्वयंपाकीणबाईंचा ब्लाउज माझ्याकडे आहे. विचारतो कुठलं होतं ते."

दुपारी लेकीला फोन केला. "शुक्रवारी नक्की ये. खोकी आणू नकोस."

ती म्हणाली, "आई, नक्की ना?"

"नक्की. तुझ्यासाठी एक फळ ठेवते. कधी खाणार?"

हे तोंडून गेल्यावर मला कळलं कुणाचा प्रश्न आहे तो. तिलाही कळलं असावं. मग ती लहानपणी सांगायची तशी म्हणाली, "शनिवारी. सकाळी."

तिच्या फळावर 'शनिवार' लिहिलं तेव्हा पेन्सिल नखाएवढी उरली होती.

सहाला दाराच्या फळ्या लावायच्या वेळी एक खरबूज शिल्लक होतं. उचललं आणि ते तळव्याला चिकटलं. मी हातातच धरून उभी राहिले. या हंगामात मी उद्या लिहिलं, परवा लिहिलं, सातही वार लिहिले. तो एक शब्द लिहिला नाही. तो घरच्या फळाचा शब्द होता, आणि घरी एकटी मी. अख्खं खरबूज एकट्या बाईला जात नाही.

"लिही की," वन्सं म्हणाल्या.

लिहिलं. 'आज'. त्या अक्षरांतच पेन्सिल संपली, बोटांत नुसता तिच्यावरचा कागद राहिला. मला वाटलं होतं, ती संपेल त्या दिवशी फार रडायला येईल. थोडंसं आलं. मग वन्संनी सुरी मागितली.

दुकानातच कापलं. रद्दीचा कागद पसरला, त्यावर बिया काढल्या. फोडी हातानंच खाल्ल्या, रस कोपरापर्यंत गेला. हिरवट, थंडगार, आणि गोड. नव्वद टक्के पाणी आहे हे माहीत असूनही गोड. बियांखालच्या कागदावर एक गोष्ट छापली होती. खाता खाता वाचली. या खेपेला शेवट कागदावरच होता.

"दादा चांगलं फळ घरी न्यायचा," वन्सं म्हणाल्या. तोंडात फोड होती म्हणून आवाज तसा आला असेल.

उद्या नवी पेन्सिल आणायची. निळीच. वन्सं दोन आण म्हणाल्या, एक हरवते. मी म्हटलं, एकच पुरते की. तर म्हणाल्या दोन आण. आणि हो, दुकान बंद कर हे आज त्या म्हणायच्या विसरल्या. उद्या उशी घेऊन येणार आहेत, स्टूल टोचतं म्हणून.